चकाकी झाकून द्या

माझ्याकडे येतात ते चकाकी मागायला.
टोलीडोतल्या या शेडमध्ये तीस वर्षं
मी गंज उतरवतोय,
तांब्यावर निकेल, निकेलवर क्रोम,
शेवटी गिऱ्हाईक बंपरमध्ये आपला भांग बघतं
आणि पैसे मोजतं.

विनिफ्रेड लोच आली ती उलटं मागायला.
वय अठ्ठ्याऐंशी. आगपेटीत, कापसावर,
दुधाच्या दातासारखा जपलेला
रंगाचा एक टवका.
"हा रंग द्या," म्हणाली, "जाळीला, दिव्यांच्या कड्यांना,
दारांवरच्या पट्ट्यांना.
सगळी चकाकी झाकून द्या."

बाहेर ट्रेलरवर गाडी. बेचाळीसची, जानेवारीतली.
वडील डॉक्टर, आडगावची बाळंतपणं करणारे,
म्हणून परवाना मिळाला;
बाकी गावानं नव्या गाडीचं नाव काढायचं नाही.
निकेल तोफांकडे गेलेलं, टायर कुलूपबंद,
साखर चिठ्ठीवर,
आई तव्यातली चरबीसुद्धा डब्यात गाळून
खाटकाकडे पोचती करायची.
गाडी आली ती नाकापासून शेपटीपर्यंत राखाडी,
लग्नाला शाळेच्या गणवेशात आल्यासारखी.

चमचम कुठे गेली, सहा वर्षांच्या विनीनं विचारलं.
आल्डनच्या जहाजात, वडील म्हणाले.
आल्डन तिचा मोठा भाऊ. पॅसिफिकवर.

मग तिनं हिशेब मांडला, मुलं मांडतात तसा:
दिव्याची कडी म्हणजे त्याच्या केबिनची गोल खिडकी,
दाराची पट्टी म्हणजे कठडा,
लाट आली की धरायला.
जाळीच्या गजांचं काय झालं असेल ते ठरेना,
ते तिनं तोफेला देऊन टाकले.
रात्री गॅरेजमध्ये जाऊन
ती राखाडी पट्टीवर हात ठेवायची.
गार लागायची.
समुद्र गारच असणार, असं तिला वाटे.

आल्डन परत आला.
तुम्हाला वाटलं असेल, येणार नाही;
ती सांगत होती तेव्हा मलाही वाटलं होतं.
आला, धडधाकट, एका कानानं जरा बहिरा.
शेहेचाळीसच्या मे महिन्यात, एका रविवारी, चर्च चुकवून,
चाकू घेऊन तो जाळीपुढे बसला.
सहज. हाताला काही काम नव्हतं म्हणून.
रंगाची साल सुटली आणि खाली क्रोम.
अख्खं, नवंकोरं,
चार वर्षं तिथल्या तिथंच.

मला ठाऊक होतं, तरी तिला बोलू दिलं.
हुकूम यायच्या आधीच जे भाग मुलामा होऊन पडले होते
त्यांच्यावरही कारखान्यानं रंग मारला,
एकाच्या दारात झगमग, दुसऱ्याच्या नाही,
असं व्हायला नको म्हणून.
जहाजाला काहीच गेलं नव्हतं.

"मी रडले," विनिफ्रेड म्हणाली,
"दहा वर्षांची घोडी, भोकाड पसरून.
आल्डनला वाटलं, गाडी बिघडवली म्हणून.
मला खूश करायला त्यानं उरलेला रंगही खरवडला."
पुढे जन्मभर त्यानं विमा विकला.
जहाजाबद्दल एकदाच बोलला:
तिथंही सगळं राखाडी होतं.

तीन आठवडे गेले.
टवक्याशी रंग जुळेना, त्यात कुठेतरी निळं होतं,
ते डब्यात सापडेना.
आणि क्रोम रंगाला धरत नाही;
आधी त्याला खरखरीत करावं लागतं,
ओरखडे पाडावे लागतात.
कागद घेतलेला माझा हात थांबला, खोटं कशाला सांगू.
बायकोला म्हटलं, आज जेवायला लवकर येतो.

गाडी न्यायला आली तेव्हा
तिनं चष्मा काढून बघितलं, मग घालून बघितलं.
"खाली आहे ना अजून?"
"आहे."
हात दाराच्या पट्टीवर,
बोटं वळलेली, कठडा धरावा तशी.
"बरं," म्हणाली. "असू दे."