फासे

सव्वीस वर्षं मी उत्स्योकीच्या शाळेत स्वयंपाक केला.
एकशे चाळीस ताटं, उकडलेले बटाटे,
गुरुवारी वाटाण्याचं सूप.
कुणी विचारलं असतं, इर्या, तुला काय आवडतं,
तर म्हणाले असते, डाव धुवून झाल्यावरची पाच मिनिटं.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता जानेवारी.
सूर्य नोव्हेंबरात गेलाय, अजून परतला नाही.
अकराच्या सुमाराला आभाळ निळसर होतं,
पाणी घातलेल्या दुधासारखं. तेवढ्यात सगळं उरकायचं.
कपाळावर दिवा, थर्मासात कॉफी,
डाव्या गुडघ्याला लोकरीचा पट्टा.
उणे एकतीसला स्कीखालचा बर्फ कुरकुरत नाही,
किंचाळतो.

खुज्या बर्चच्या फांद्यांचं बुटकं कुंपण,
त्यात एक फट, फटीत पितळी तारेचा फासा.
बर्फापासून एक मूठ वर, असं योव्नानं शिकवलं.
मूठ म्हणजे त्याची मूठ.
माझी मूठ आणि वर दोन बोटं,
हे मला पहिला हिवाळा रिकामा गेल्यावर कळलं.

पंच्याऐंशी फासे. परवा तीन पक्षी, रविवारी एकही नाही.
फासे म्हणजे फासेच, पडतील तसे पडतात.
कोल्हा माझ्याआधी उठतो. त्यानं दोन नेले,
मागे पिसांचा लहानसा ढीग, पावती द्यावी तसा.
मी शिवी हासडली. मग खो खो हसले.
एवढ्या पठारावर ते ऐकायला कुणी नव्हतं
आणि मला काही कमी वाटलं नाही.

रिएक्को म्हणतात याला, पांढरा तितर.
पायांनाही पिसं, सशाच्या पंजासारखी.
बर्फात फक्त डोळा दिसतो.
तुला वाईट नाही वाटत? लेकीनं औलूहून विचारलं.
वाटतं, म्हणाले. वाटेनासं झालं
तर तारा गुंडाळून ठेवीन.
तिला बहुतेक दुसरंच ऐकायचं होतं,
की थकले, की तुझ्याकडे येते.

सिंकपाशी गळ्याची पिशवी चिरली
तर आत वाळुंजाच्या कळ्या,
घट्ट, लालसर, ओंजळभर.
एक चावून पाहिली. कडू.
बराच वेळ कडूच.

आज शेवटून सातव्या फाशाशी पक्षी नव्हता.
तार ओढलेली, वाकडी,
आणि बर्फावर दोन पंखांचा ठसा,
एकेक पीस वेगळं मोजता येईल असा.
मी स्की काढल्या. बसले. कॉफी ओतली.
दिवा विझवला.
आभाळ निळं होतं, मग नव्हतं.

उठताना गुडघा बोलला.
तार दातांनी सरळ करू नये, ओठ चिकटतो,
म्हणून आधी काखेत धरून ऊब दिली.
मग लावली पुन्हा, त्याच फटीत.
एक मूठ. दोन बोटं.