ना-देय दाखला

सोहारच्या बाहेर, फलजच्या कारखान्यांमध्ये,
वर्कीच्या टपरीमागं गुरुवारी रात्री
पत्रस टेटेचा बाजार भरला.
बाराला नोंदणी बंद.
मग ज्या यादीत नाव, रमजानपर्यंत तो त्या संघाचा.

सफदर म्हणाला, बंदरवाले नेणार. पक्कं.
बदल्यात दोन हाफ आणि एक गोलकीपर.
सफदर गोजऱ्याचा. त्याच्या गावात म्हणे
पोरं रांगायच्या आधी ड्रिबल करतात,
म्हणून त्याच्या शब्दाला आमच्यात वजन.
दाद-करीम टॅक्सीवाल्यानं नुसती जीभ चुकचुकली.
बंदर कुठलं, स्मेल्टरवाले!
त्यांच्या मॅनेजरला परवा मीच सोडला विमानतळावर,
सबंध वाट फोनवर
'लेफ्ट-इन हवा, लेफ्ट-इन हवा' करत होता.

दोन हाफमध्ये पत्रस? कुणीतरी खेकसलं.
चार मागा. शिवाय पेनल्टी कॉर्नरवाला तो लाहोरी.
वर्की करक ओतता ओतता म्हणाला,
बस मागा. आपल्या बसचा एसी गेलाय.
(वर्कीला हॉकी कळत नाही, पण तो रोज डबे घेऊन त्या बसनं जातो.)

मी खडकीचा. कारखान्याच्या मैदानावर
वडलांच्या सायकलच्या दांडीवर बसून हॉकी पाहिलेली.
सांगतो, असा लेफ्ट-इन मी पाहिला नाही.
सिमडेग्याचा पोरगा, दिवसभर वेल्डिंग करतो,
आणि संध्याकाळी चेंडूही तसाच नेतो,
टाक्यामागून टाका, मध्ये फट नाही,
डी जवळ आली की एकदम ठिणगी.
गोलकीपरला आधी उजेड दिसतो.

माझ्या शर्टाच्या खिशात
सकाळपासून एका कागदाची घडी होती.
हेल्मेट एक, जमा. हातमोजे दोन जोड, जमा.
काळी काच, तडा गेलेली, जमा.
गादी, ब्लँकेट, कुलपाची किल्ली.
खाली सही स्टोअरकीपरची. म्हणजे माझी.
'कुठे' या रकान्यात ऑफिसनं लिहिलेलं:
दुक्म. शटडाऊन. अकरा महिने.
कंपनीच्या बदलीला बारा वाजायचे नसतात,
दोन हाफ आणि गोलकीपर तर नाहीच नाही.
तिकडं मैदान असेल का, त्यानं विचारलं होतं.
असेल की, मी म्हणालो. मी दुक्म पाहिलेलं नाही.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही.
पण तेवढ्यात सफदरनं बोली पाचावर नेली
आणि दाद-करीमनं वर मॅनेजरची गाडी ठेवली.
त्या टपरीमागं उभ्या आम्हा अकरा-बारा जणांत
कुणाची किंमत इतकी कधी कुणी केली नव्हती.
ती उतरवायची कशी?
सहा, मी म्हणालो. सहाच्या खाली बोलायचंच नाही.

बाराला पाच कमी असताना सगळे गप्प.
समुद्राकडून दमट वारा, खारवलेल्या डिझेलचा वास.
मग फोन वाजला, यादी आली,
सफदरनं बोटानं खाली खाली सरकवली.
बंदर: नाही.
स्मेल्टर: नाही.
आमच्यात, दहा नंबरवर,
पत्रस टेटे, जसाच्या तसा.

राहिला! राहिला रे!
दाद-करीमनं टॅक्सीचा हॉर्न दाबून धरला,
वर्कीनं त्या रात्रीचा चहा लिहिलाच नाही,
सफदरनं मला मिठी मारली,
खिशातला कागद दोघांच्या मध्ये चुरगळला.
पाचची बस सुटायला अजून साडेचार तास होते.

सकाळी काउंटरवर सगळं ठेवल्यावर
पत्रसनं सवयीनं स्टिकही ठेवली होती,
मुठीला निळी इन्सुलेशन टेप.
मी फॉर्म वरून खाली पुन्हा वाचला.
स्टिकचा रकाना नव्हता.
ने, म्हटलं, ही आमची नाही.