म्हशीनंतर

दोनशे वीस लिटर. डोलकाठीच्या खाचेशेजारी
पुसट आकडा, बाकीचा रंग सोललेला.
हिडकलच्या काठावरची पोरं तिला म्हैस म्हणतात,
आणि खरंच ती पाण्यात तशी बसते:
वर कोण चढलं, कोण पडलं,
तिला काही घेणं नाही.

पहिल्या रविवारी मी पडले एकतीस वेळा,
मग मोजायचं सोडलं.
उद्यमबागेत बावीस वर्षं कास्टिंगं तपासते मी,
दोन शतांश इकडं तिकडं झालं तरी माल परत;
माझं सगळं मापातच गेलं की हो.

इरगौडा काठावरून ओरडायचा: हिडीरीऽ!
म्हणजे धरा.
आणि मी धरलं न धरलं तोच: बिडरीऽ!
म्हणजे सोडा.
दोन्हींच्या मध्ये काहीतरी असतं,
ते तळव्यांना कळलं, फेब्रुवारीत कधीतरी,
जेवायच्या वेळेला.

आता म्हैस पुरत नाही.
दुपारी तीननंतर चंदगडाकडून वारा उतरतो,
शीड भरतं, मी मागं रेलते,
आणि ती आपली रवंथ करत निघते.

पत्र्याच्या शेडमध्ये तीन उभ्या आहेत.
गोव्याहून, चोर्ला घाट चढून,
गाद्यांत गुंडाळून टेम्पोतून आलेल्या, जुन्याच.
एकशे साठ: पोटाखालचं पातं तसंच,
म्हशीचीच धाकटी बहीण.
एकशे अडतीस: पिवळट, नाकावर लांबी भरलेली.
आणि पंच्याऐंशी. लाल. विळ्यासारखी.

मन कुठं गेलं ते सांगायला नको.
"निधान, मॅडम," इरगौडा म्हणाला, आणि दिली.

चार मिनिटं.
खोटं बोलत नाही, चार मिनिटं
माझ्याखाली पाणी नव्हतंच,
नुसता एक खरखर आवाज होता
सॅंडपेपरवरून हात फिरवल्यासारखा.

मग वारा गेला.
मधोमध. फ्यूज उडाल्यासारखा.
लाल फळी माझ्यासकट हळूच खाली निघाली:
घोटे, पोटऱ्या, गुडघे.
चौसष्ट मी, दहा शीड-काठी, सात ती स्वतः,
एक्याऐंशी. उरले चार.
चार लिटरवर कोण उभं राहील?
घरातली कळशीसुद्धा मोठी असते.

पोहत, ढकलत, पलीकडच्या काठाला लागले.
तिथं एक म्हातारा म्हशी धूत होता, खऱ्या.
फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
"कुणाचं दार उचकटून आणलंस गं बाई?"
मी हसायला तोंड उघडलं
आणि नाकातून अर्धं धरण बाहेर आलं.

त्या रात्री चलनाच्या पाठीवर बेरीज मांडली.
वारा मेला तरी उभं ठेवील इतकं हवं,
वारा असेल तेव्हा लाड करणार नाही इतकंच हवं.
एकशे अडतीस वजा एक्याऐंशी, वजा
म्हैस सोडल्याची भीती, तिला लिटर नसतात,
अंदाजे धरली.

पिवळी घेतली. अठरा हजार, दोन हप्ते.
पोटाखाली पातं नाही;
सरळ जायचं तर आता
माझ्याच टाचांना सांगायला लागतं.
वारा पडला की कुरकुरते, डुगडुगते,
पण बुडवत नाही.
काल सहा वेळा पडले.

म्हशीवर आता शिवलीला असते,
हुक्केरीच्या मेडिकलवाल्याची, सहावीतली.
पडते आणि मोठ्यानं मोजते:
हन्नोंदु... हन्नेरडु...
मी जवळून जाताना ओरडते, बिडरीऽ!
आणि त्या नादात माझंच सुटतं.

लाल फळीवर इरगौडानं जुनी चादर टाकलीय.
विकून टाक म्हटलं, तर म्हणाला,
असू दे की, खायला मागते काय ती?
जाता येता
मी चादरीचं टोक वर करून बघते.