तेरा पिना

जुमा बिन खमीसची लँडक्रूझर
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लावते,
आणि इंडिकेटर लावला की रिव्हर्सचा दिवा मिणमिणतो.
"जिन शिरलाय," म्हातारा म्हणतो
आणि खजुराचा डबा मागच्या फळीवर ठेवतो.
जिन नाही, चाचा. मीठ आहे.
तीस वर्षं हिच्या पाठीला होडी जोडून
तू हिला मागच्या चाकांपर्यंत समुद्रात उतरवलीस.
करंटची परतीची वाट बंद झाली
की तो शेजाऱ्याच्या घरातून जायला लागतो,
एवढंच.

सोहारची सनाया. असरची बांग होऊन गेली,
शेडचा पत्रा अजून तडतडतोय.
मी बंपरखाली, पुठ्ठ्यावर, पाठीवर.
शोहाग टॉर्च धरतो, माझ्या डोळ्यांतच धरतो.
आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. मग फोटो.
मग अजून एक फोटो, कारण पहिला हलतोच.

कनेक्टरचा खटका नुसता चाचपला
तर खारीसारखा चुरला.
आत तेरा पिना.
चारांवर शेवाळ चढलंय,
एक तर उरलीच नाही, तिच्या जागी हिरवी भुकटी
जी फुंकर मारल्यावर माझ्याच मिशीत आली.

शोहाग कटर घेऊन सगळाच झुपका कापायला निघाला.
हात धरला त्याचा.
एक काप, एक जोड. मग दुसरी.
सगळ्या एकदम मोकळ्या केल्या
तर कुठली कुणाची हे रंगसुद्धा सांगणार नाहीत;
लाल आणि नारिंगी
इथे कधीच एक झालेत.

तार सोलली. तांबं काळं.
अजून मागे सोल. काळं.
अजून मागे.
मीठ तारेच्या आतून चालत जातं
वीतभर, दीड वीत,
वरची कातडी ठणठणीत.
मग कुठेतरी एकदाचा लालसर रंग लागतो,
चिंचेने घासलेल्या घंगाळाचा.
तिथून आपलं काम सुरू.
पण तोवर तार आखूड झालेली असते,
तिला दुसऱ्या कुणाचा तुकडा लावावा लागतो.
हा तुकडा भंगारातल्या एका पिकअपचा.
नऊशे बैसा, घासाघीस करून.

सोल्डर नको, क्रिंप कर,
कुंजुमोन उस्ताद सांगायचे.
सोल्डर केलेली तार ताठ होते
आणि रस्त्यावर ताठ राहील ते तुटतं.
पक्कड कट्‌ वाजेस्तोवर दाबायची,
मग जोर लावून ओढून बघायचं.
निसटायची असेल तर इथेच निसटू दे.

आठव्या तारेवर काळी टेप निघाली,
काकवीसारखी पातळ झालेली.
आतला जोड नुसता पिळलेला,
तोही उलटा पीळ, डावखुऱ्याचा.
आणि टेपच्या टोकाला बारीक घडी,
पुढच्याला नख लावून सोडवता यावी म्हणून.
या अख्ख्या सनायात ही घडी एकटा मी घालतो.

आठवलं मग.
म्हातारा तेव्हा म्हातारा नव्हता, घाईत होता,
सुरमई बर्फावर होती आणि बर्फ रस्त्यावर गळत होता.
मी मोडक्या अरबीत म्हटलं होतं,
मुअक्कत, मुअक्कत,
तात्पुरतं आहे, पुढच्या आठवड्यात ये, नीट करून देतो.
मी स्वतः दोन वर्षांसाठी आलो होतो.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" शोहाग विचारतो.
होता एक, म्हटलं.
घडीला नख लावलं.
लागलं.

दिवेलागणीला ब्रेक दाबला. फक्त ब्रेकचे दिवे.
डावा म्हणजे डावा, उजवा म्हणजे उजवा.
म्हातारा गाडीच्या मागे उभा राहून बघत होता,
जिन गेल्याचं त्याला थोडं वाईट वाटलं असावं.
पैसे मोजता मोजता म्हणाला,
"तू पुढच्या आठवड्यात बोलावलं होतंस.
जरा उशीर झाला."
आठव्या तारेचे मी घेतले नाहीत.

तेरावी तार कुठे जाते ते शेवटपर्यंत कळलं नाही.
चासीच्या पोकळीत शिरते आणि मीटरला काही बोलत नाही.
तिलाही नवी पिन लावली,
ओढून बघितली,
आणि तिच्या भोकात सरकवून दिली.