भरताड

रंगाच्या कृतीत त्याचं नाव खाली येतं.
राळ, द्रावक, लोहाचा तांबडा, आणि मग
शंखजिरे, शेकडा अठरा.
आमचे खरेदीवाले त्याला भरताड म्हणतात.
हा शब्द मी बाबांना कधी सांगितला नाही.

बाबा, म्हणजे सेर्नां,
पिरेनीजमधल्या एका उंच खाणीत
बत्तीस उन्हाळे दगड निवडत बसले.
बर्फ वितळला की खाण उघडायची,
ऑक्टोबरात पुन्हा पांढऱ्यावर पांढरं.
नखाने ओरखडायचं. उमटलं तर आपलं,
नख मोडलं तर डोलोमाइट, फेक बाजूला.
त्यांचा हात अजून इतका गुळगुळीत
की धरला तरी निसटतो.
लहानपणी बाजारात मी दोनदा हरवले.

या मे महिन्यात ते पहिल्यांदाच बसने सेतच्या बंदरावर आले.
ग्वीलेमची ट्रॉलर धक्क्यावर चढवलेली,
पोट खरवडून लोखंडापर्यंत उघडं.
प्रायमरचा डबा हिवाळाभर पडून होता.
"तळाशी दगड झाला असेल," ग्वीलेम म्हणाला.
काठी घातली. तळ मऊ, कवडीदह्यासारखा.
दोन वेढ्यांत सगळा तांबडा वर आला,
उभ्या पत्र्यावर चढला, ओघळला नाही.
मी बाबांकडे पाहिलं.
ते एका बोक्याकडे पाहत होते.

मग प्रयोगशाळेत नेलं. वाळलेल्या थराचा आडवा छेद
भिंगाखाली ठेवला.
पापुद्रे निजलेले, एकावर एक सरकून,
गावच्या छपरावरच्या पाट्या जशा.
पाणी लोखंडाकडे निघतं,
वाटेत पापुद्रा. वळसा. पुन्हा पापुद्रा.
"म्हणजे पाणी आत जात नाही?"
जातं, बाबा. उशिरा जातं.
त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला.
"डावीकडे एक उभा आहे," म्हणाले. "नीट बसवलेला नाही."
होता खरा. मला दिसला नव्हता.

जेवताना टनाचा भाव विचारला.
मी सांगितला.
त्यांनी सार्डिनचा काटा काढून ताटाच्या कडेला
सरळ रेषेत ठेवला.

नोव्हेंबरात फोन.
"ती बोट कुठे आहे?"
समुद्रात.
"गंजली?"
अजून नाही.
"हं," म्हणाले, "वर बर्फ पडलं,"
आणि फोन ठेवला.