बाराची नाव

पाच गावच्या शाळांत खिचडी शिजवणाऱ्या आम्ही तेरा जणी.
महिन्याला पन्नास, अकरा महिने,
हिशेब माझ्याकडे, आहाराच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर :
सात हजार एकशे पन्नास.
त्यात काळीपिवळी जाऊन-येऊन, नावेचं भाडं,
आणि घाटावरच्या खानावळीत रात्रीचं जेवण,
जे आमच्यातल्या कुणीही रांधायचं नाही,
असं ठरलेलं.

पुस्तकलाबाईनं लेकीचा गॉगल आणला होता.
रायवंता वाटेत तीनदा ओकली
आणि दर वेळी पदरानं तोंड पुसत म्हणाली,
"मजा येऊन राहिली बाप्पा."

घाटावर नाववाला बोटानं मोजत गेला,
आम्ही पोट्ट्यांची ताटं मोजतो तसा.
"नाव बाराची हाय. जाकिटंही बाराच."

जरा वेळ कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.
सत्यफुला म्हणाली, मले पाण्याचं भेव लागते.
वनमाला म्हणाली, माही कंबर.
मी म्हटलं, पिशव्या कोण पाहील? जा तुम्ही.
सवयच आहे,
गंजाच्या बुडाशी उरेल ते आपलं.

नाव निघाली.
वैनगंगा तिथं इतकी पसरली आहे
की पलीकडची टेकडी काठावर उकिडवी बसल्यासारखी दिसते.
आधी चेहरे गेले, मग लुगड्यांचे रंग,
मग नुसती नारिंगी जाकिटं.
हसू मात्र पाण्यावरून येत राहिलं,
सायत्राचं वेगळं ओळखू येई, उचकीसारखं.
मी पिशव्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
एकीतून लाखोळीच्या वड्यांचा वास येत होता.
ठरलं होतं ना, कुणी रांधायचं नाही?

परतल्या तेव्हा उन्हं उतरली होती.
सगळ्या एकदम बोलत खानावळीकडे गेल्या.
नाववाला दोर धरून तसाच उभा.
"चाला आता तुमी."
पैसे? मी विचारलं.
"भाडं नावेचं असते बाई. माणसाचं थोडीच."

बारा जागा, आणि मी.
कुठं बसावं सुचेना.
जाकिटाला रायवंताच्या पावडरीचा वास होता.
मधल्या पाण्यात त्यानं इंजिन बंद केलं,
बिडी काढली, पेटवली नाही.
रोज कानात शेगडीची घरघर असते,
ती थांबली तेव्हा कळलं की होती.
एक पाणकावळा बुडाला,
भलत्याच ठिकाणी वर आला.

काठावर दिवे लागले, पिवळे, थोडे.
मग बारा तोंडांची हाक :
"या वो जेवाले, भात थंडा होते!"

बावीस वर्षं ही हाक माझ्याच तोंडची.
पाण्यावरून येताना अनोळखी वाटली.

नाववाल्यानं इंजिनाच्या दोरीला हात घातला.
म्हटलं, थांब रे जरा.
होऊ दे थंडा.