डेल्बर्ट येणार म्हणून

फ्रिजच्या दारावर भरती-ओहोटीचा तक्ता.
शनिवारी पाणी थांबतं पाच चाळीसला,
पहाटेच्या.
पेन्सिलीनं गोल केला,
मग खोडला,
कारण मर्ना आठच्या आत डोळे उघडत नाही
असं डेल्बर्टच मागे म्हणाला होता.
रविवारी साडेसहा.
रविवार बरा.
भांगाचे दिवस, खाडीचा ओढ कमी,
पहिल्यांदा होडीत पाय ठेवणाऱ्यांना
एवढी सवलत हवीच.

आम्ही दोघं गव्हात वाढलो, सस्कॅचेवानला.
मी लग्न करून कॅम्पबेल रिव्हरला आले,
तो तिथंच राहिला.
एकाहत्तरचा झाला, समुद्र पाहिलेला नाही.
क्षितिज आहे त्याच्याकडे, पुष्कळ आहे,
पण ते हलत नाही.

तेव्हा उलटीच्या गोळ्या.
आल्याची बिस्किटं.
हेरिंगचे दोन पुडे फ्रीझरात, पावाशेजारी
(मर्नाला सांगून ठेवायला हवं,
नाहीतर नाश्त्याला तळेल).
त्यांचा नातू टीग, वय नऊ,
त्याला मासा नकोच आहे, देवमासा हवाय.
त्यात माझ्या हाती काही नाही.

डेल्बर्टच्या छातीला बसेल असं जॅकेट
घरात एकच. हॅल्वरचं.
खुंटीवरून काढलं, झटकलं,
खिशात डिझेलची पावती निघाली,
एकशे बारा डॉलर, तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर.
घडी करून परत ठेवली.

लायनेल दोन दिवस इंजिन उघडून बसला होता.
पैशाचं विचारलं तर म्हणाला,
डोकी दे. सूपला.
मी मान हलवली, आणि तोही
माझ्याकडे बघून हसला,
कारण बंदरावर ज्याला त्याला ठाऊक आहे:
यंदा पंधरा जुलैपर्यंत चिनूक ठेवायचा नाही.
पकडा, बघा, सोडा.
ते येणार नऊला.
अकराव्या दिवशी... नाही, बाराला जाणार.

हे मी डेल्बर्टला सांगितलेलं नाही.
वीस वर्षं फोनवर हात पसरून सांगत आले,
एवढा, अरे एवढा.
फोनवर हात दिसत नाहीत,
तरी पसरत आले.
आता कसं सांगू, की सतराशे किलोमीटर ये,
पहाटे ऊठ, भिज, गार पड,
तासभर शिशाचा गोळा खाली सोड, वर घे,
आणि मासा आला
की त्याला पाण्याबाहेरसुद्धा काढायचं नाही,
काठाशीच गळ सोडवायचा,
आणि जा म्हणायचं.

भांडी घासताना तालीम करून पाहिली.
म्हटलं, डेल्बर्ट, समज तू पेरलंस,
राखलंस, आणि कापणीच्या दिवशी
ओंबीला हात लावून घरी आलास.
तर तो माझ्या डोक्यातच म्हणाला,
गारांच्या वर्षी दुसरं काय करतो आम्ही?

मग पुढचं वाक्य सुचलं नाही.
पकड घेतली, दिव्याखाली बसले,
एकेका गळाची उलटी नखी दाबून सपाट करत.
नियमच आहे, नखी ठेवायची नाही.
सापडलेला मासा
नुसत्या ताणावर टिकवावा लागतो,
दोरी सैल पडली की गेला.
हॅल्वर हे काम रेडिओ लावून करायचा.
मी रेडिओ लावला नाही.
सातव्या गळाला पकड सटकली, बोट कापलं,
आणि तेवढ्यात फोन.

दुकानातून बोलतोय, म्हणाला, रोझटाउनहून.
मागे कुणीतरी मोठ्यानं किमती वाचत होतं, बहुतेक मर्ना.
दोन मापांचे कूलर आहेत म्हणाला,
एक बेताचा,
एकात अख्खं वासरू मावेल.
कुठला आणू?

बोट तोंडात धरून मी उभी राहिले.
खिडकीबाहेर पाणी उत्तरेकडे निघालं होतं,
एक लाकडाचा ओंडका
त्याच्याबरोबर, घाई नसल्यासारखा.

मोठा आण, म्हटलं.
होडीत बसायला
काहीतरी लागेलच.